ला स्काला आणि इतर कर्णे: घरच्या घरी काय सुधारावं, कशाला हात लावू नये

खर्ज (ओहायो)

व्यक्तिगत निरोपांतून ला स्कालाबद्दल, म्हणजे क्लिप्श कंपनीच्या कर्ण्याच्या (हॉर्न) स्पीकरबद्दल, सारखा एकच प्रश्न येतो: "जुनी ला स्काला मिळाली आहे, कपॅसिटर कुठले टाकू?" दरवेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा हा धागा काढतोय. कपॅसिटर बदलायचे असतीलच, पण यादीत ते कुठल्या क्रमांकावर येतात हे पेटी कशी चालते ते कळल्याशिवाय ठरत नाही. कंपनीने आखलेला हिशेब आधी समजून घ्या, पेटी मूळ अवस्थेत आणा, मोजा आणि मगच नवं काही घाला, असं माझं ठाम मत आहे.

थोडी पार्श्वभूमी. पॉल क्लिप्श यांनी आर्कान्सातल्या होप गावी कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न बनवला, तो १९४६ पासून विकला जातोय. ला स्काला आली १९६३ मध्ये. ती मुळात दिवाणखान्यासाठी नव्हतीच, विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या राज्यपालपदाच्या प्रचारात भाषणं ऐकवायला बनवलेली पेटी होती. तिचे गुण आणि उणिवा दोन्ही तिथूनच येतात. माणसाचा आवाज लांबवर स्वच्छ पोचावा हा हेतू, म्हणून वूफरसकट (खालच्या स्वरांचा स्पीकर) तिन्ही विभाग कर्ण्याचे. गाडीत चढवता यावी म्हणून आकार आटोपशीर. खोल खर्जाची चिंता कोणी केलेली नाही.

संवेदनशीलता (एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज) १०४ डीबीच्या आसपास. आजचा साधारण स्पीकर ८८ डीबीचा धरला तर फरक १६ डीबी, म्हणजे तेवढाच आवाज काढायला त्या स्पीकरला चाळीसपट वॉट लागतात. घरात ऐकताना ला स्काला बहुतेक वेळ एका वॉटच्या छोट्याशा अंशावर चालते. अ‍ॅम्पची खरखर, जुन्या कपॅसिटरचा दोष, सैल झालेला स्क्रू, सगळं उघडं पडतं.

आता पेटीकडे. सुरुवात झाकणापासून करा. वूफरमागची कोठडी हवाबंद असणं हा मूळ आराखड्याचा भाग आहे. कर्ण्याच्या गळ्याशी हवेचं जे वस्तुमान जाणवतं त्याला तोल द्यायला या कोठडीतल्या हवेचा ताठरपणा वापरलाय. पन्नास वर्षांत झाकणाच्या कडेची पट्टी चपटी होते, स्क्रू झिजतात आणि तिथून हवा निसटते. नवी फोमची पट्टी आणि सगळे स्क्रू एकसारखे आवळणं, एवढ्याने खालचा आवाज घट्ट झालेला मी ऐकलाय आणि मोजलाय. खर्च जवळपास शून्य. अनेकजण हे सोडून थेट महागड्या कपॅसिटरवर जातात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, कर्ण्याच्या दोन बाजूच्या फळ्या. पखवाज किंवा बायाँ जोरात वाजत असताना पेटीच्या बाजूवर, पुढच्या कडेजवळ तळहात ठेवा. फळी थरथरते. मूळ पेटी १९ मिमी प्लायची आहे आणि पुढच्या भागात फळीला आधार नाही. क्लिप्शने पुढे ला स्काला २ काढली तेव्हा एक इंच जाडीचा एमडीएफ घेतला, तो याच कारणासाठी. घरी करायचं तर आतून, कर्ण्याच्या तोंडात, मधल्या व्ही आकाराच्या भागापासून बाजूच्या फळीपर्यंत एक आडवी पट्टी बसवा. पट्टीची कड हवेच्या वाटेकडे हवी, रुंद बाजू नको, नाहीतर तोंडच अडेल.

तिसरा क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वूफर, मधला कर्णा आणि ट्वीटर (सर्वांत वरच्या स्वरांचा) यांत वाटून देणारं सर्किट. माझ्या जोडीत एए नावाचा प्रकार आहे. मध्यासाठी १३ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, ट्वीटरसाठी २ चे दोन, वूफरला २.५ मिलिहेन्रीचं कॉइल, मध्याचा आवाज कमी करायला टी२ए ऑटोफॉर्मर आणि ट्वीटर वाचवायला झेनर डायोड. मूळ कपॅसिटर धातूच्या डब्यातले, तेल भरलेले. मीटरवर त्यांचं मूल्य कधीकधी बरोबर दिसतं, पण आतला रोध वाढलेला असतो आणि वरचा आवाज मंद होतो. चांगले पॉलिप्रॉपिलीन घाला. १३ सहज मिळत नाही, १२ आणि १ समांतर जोडा.

इथे एक गंभीर सूचना. अमेरिकेत १९७९ मध्ये पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) या घातक रसायनाच्या उत्पादनावर बंदी आली. त्याआधीच्या तेलाच्या कपॅसिटरमध्ये ते रसायन असू शकतं. डबा फुगलेला किंवा ओला दिसला तर हातमोजे घाला, पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, उघडून तर मुळीच बघू नका.

चौथा के-४०० हा मधला धातूचा कर्णा. बोटाच्या पेराने टिचकी मारा, घंटेसारखा वाजतो. बाहेरून गाडीच्या दारात लावतात तशी ब्यूटिल रबराची जाड चादर चिकटवली की तो नाद थांबतो. ऐकताना पडणारा फरक मात्र वरच्या दोन कामांइतका मोठा नाही. कर्ण्याच्या आत काहीही चिकटवू नका.

आणि एक विनंती. काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून डब्यात ठेवा. पुढच्या माणसाला ही पेटी जशी होती तशी परत करता आली पाहिजे.

---

रंधा_आणि_पटाशी (नाशिक)

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

कर्ण्याच्या तोंडातल्या आडव्या पट्टीबद्दल थोडी भर घालतो. मी सुतारकामाच्या बाजूने बोलतोय. मी ला स्कालाच्या मापाची बासची पेटी इथेच बनवून घेतली आहे. आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतला, कारण आपल्याकडे साध्या प्लायच्या पोटात पोकळ्या फार असतात आणि कर्ण्याच्या पेटीत पोकळी म्हणजे खुळखुळा. विकत घेण्याआधी शीट आडवी धरून ठोकत जा, जिथे आवाज बदलतो तिथे आत हवा आहे.

पट्टी नुसती गोंद लावून दाबून बसवू नका. दोन्ही टोकांना उथळ खाच घ्या आणि पट्टी खाचेत ओढून बसू द्या. जुन्या पेटीत खाच घ्यायचं धाडस नसेल तर टोकांना तिकोनी ठोकळे लावा. आणि पट्टी बरोब्बर मधोमध नको, थोडी वर किंवा खाली सरकवा. मधोमध आधार दिला की फळीचे दोन सारखे भाग होतात आणि दोन्ही एकाच सुरात थरथरतात.

---

मारवा (पुणे)

मला यातलं विद्युतशास्त्र कळत नाही, मी हार्मोनियम वाजवते आणि गाते. पण ला स्काला दोन-तीन ठिकाणी ऐकली आहे. बाईचा आवाज तार सप्तकात गेला की तो क्षणभर पेटीतल्या पेटीत जागा बदलतो असं मला वाटतं. पुरुषाच्या आवाजात हे जाणवलं नाही. हा माझा भास आहे का? आणि तानपुऱ्याचा खर्ज नीट येण्यासाठी सबवूफर घ्यावाच लागतो का?

---

खर्ज (ओहायो)

मारवाताई, भास अजिबात नाही. आकडे बघा.

काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, तार षड्ज २७७. एए क्रॉसओव्हर वूफरकडून मधल्या कर्ण्याकडे जातो ४०० हर्ट्झला. म्हणजे पुरुषाच्या मध्य सप्तकातले सगळे मूळ स्वर वूफरमधून येतात, वर फक्त त्यांचे उपस्वर जातात. काळी चारमध्ये गाणारीचा षड्ज २०८, तार षड्ज ४१५. तो नेमका सांध्यावर पडतो. आणि हा सांधा फार पसरट आहे. वूफरला एकच कॉइल, मध्याला एकच कपॅसिटर, दोन्हींचा उतार सप्तकाला ६ डीबी. त्यामुळे त्या स्वराच्या वर-खाली बराच पल्ला दोन्ही एकदम गात असतात. त्यातून वूफरची वाट दुमडलेली आहे, मधला कर्णा सरळ आहे, दोघांचा आवाज एकाच वेळी पोचत नाही. तार षड्जावर ठेहराव घेतला की तुम्हाला जे जाणवतं ते हेच.

तानपुऱ्याचं म्हणाल तर काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झ. ला स्काला ५०-६० च्या आसपास हात टेकते, म्हणजे खर्ज मिळतो. ६० हर्ट्झची लहर जवळपास पावणेसहा मीटरची आणि या कर्ण्याचं तोंड दोन फुटांचं, त्याखाली त्याने काही करावं अशी अपेक्षा धरणंच चूक. ख्याल, नाट्यसंगीत, भजन यांसाठी सबवूफर नसला तरी चालेल. पाइप ऑर्गन किंवा सिनेमे असतील तर घ्या. काहीजण कोठडीला भोक पाडून खाली जायचा प्रयत्न करतात, ते मला मान्य नाही. वर लिहिलेला तोल त्याने बिघडतो.

---

तापकीर_गल्ली (पुणे)

@खर्ज, क्रॉसओव्हरवर अजून लिहायला हवं होतं. बहुतेकांचा घोटाळा ऑटोफॉर्मरपाशी होतो.

मधला कर्णा जरा टोचतो, म्हणून लोक ऑटोफॉर्मरचा टॅप (जोडणीचं टोक) एक घर खाली घेतात. ऐकायला सोपं वाटतं. पण ऑटोफॉर्मर आवाज कमी करताना ड्रायव्हरचा (कर्ण्यामागचा आवाज काढणारा भाग) रोधही मोठा करून दाखवतो. दर ३ डीबीला दुप्पट. के-५५-व्ही हा मधला ड्रायव्हर सोळा ओहमचा धरा. मूळ जोडणीत तो उणे ३ डीबीवर आहे, म्हणजे १३ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला समोर ३२ ओहम दिसतात. हिशेब करा, छेद (जिथे वूफरकडून मधल्या कर्ण्याकडे काम जातं ती वारंवारता) येतो ३८३ हर्ट्झ, म्हणजे ठरवलेला ४००. आता उणे ६ वर घ्या. ६४ ओहम झाले आणि कपॅसिटर तोच ठेवला तर छेद १९१ वर. ज्या कर्ण्याला चारशेखाली झेपत नाही त्याच्या गळ्यात तुम्ही दोनशे हर्ट्झ घातले. आवाज कमी होतो खरा, पण मध्य धूसर होतो आणि माणूस म्हणतो कपॅसिटर वाईट निघाले.

उणे ६ वर जायचं तर कपॅसिटर निम्मा करा, सव्वासहा-साडेसहाच्या आसपास. नाहीतर ऑटोफॉर्मरच्या आधी एक समांतर रेझिस्टर टाका, म्हणजे टॅप बदलला तरी कपॅसिटरला दिसणारा रोध फार हलत नाही. रेझिस्टर तापतो, दहा-वीस वॉटचा घ्या आणि प्लायपासून दूर बसवा.

ड्रायव्हरचा रोध खरा सोळा नसतो, वारंवारतेबरोबर बदलतो, हे मला माहीत आहे. पण दिशा कळायला हा हिशेब पुरतो.

---

शून्य_विलंब (म्युनिक)

माफ करा, पण कागदावरच्या या कसरतीचं आता कारण काय? मी तिन्ही विभागांना वेगळे अ‍ॅम्प लावलेत आणि मिनीडीएसपीतून (डिजिटल क्रॉसओव्हरचं यंत्र) छेद घेतलेत. उतार सप्तकाला २४ डीबी. मारवाताईंना ऐकू येणारा सांधा तिथेच अरुंद होतो. विलंबही भरून निघतो. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. के-४०० आणि त्याचा ड्रायव्हर मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या पुढे, ट्वीटर मात्र पुढच्या फळीवर. म्हणजे ट्वीटरचा आवाज दीडेक मिलिसेकंद आधी येतो. मध्य आणि ट्वीटरच्या सांध्यावर, ६००० हर्ट्झला, लहर पावणेसहा सेंटिमीटरची आहे, तिथे अर्धा मीटर म्हणजे केवढी तफावत! टाळीची कड, तबल्याची चाट, सतारीची जवारी, सगळं विस्कटतं. डीएसपीत एक आकडा भरला की झालं.

आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, यूएमआयके-१ सारखा मोजणीचा माइक फार महाग नाही. न मोजता बदल करणं मला पटत नाही.

---

खर्ज (ओहायो)

शून्य_विलंब, मोजण्याबद्दल शंभर टक्के सहमत. विलंबाबद्दलही. तुमच्या पद्धतीने मिळणारा सांधा एए कधीच देणार नाही, हे मी मान्य करतो.

तरी नवख्याला मी आधी तिकडे पाठवत नाही, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे खरखर. १०४ डीबीच्या कर्ण्याला मध्ये काहीच न ठेवता अ‍ॅम्प थेट जोडला की डीएसपी आणि अ‍ॅम्पचा सगळा आवाज खोलीत येतो. रात्री आलापीत ते सहन होत नाही. अ‍ॅम्पनंतर रेझिस्टरची जोडी टाकून कर्णा १०-१२ डीबी खाली आणावा लागतो. दुसरं कारण सुरक्षेचं. ट्वीटर आणि मधल्या ड्रायव्हरच्या वाटेत एक मोठा कपॅसिटर ठेवायलाच हवा. चालू करतानाचा धप्प आवाज किंवा डीएसपीत चुकून निवडलेली जोडणी, यातलं एक पुरतं आणि फिनॉलिकचा पडदा गेला. हे दोन्ही केल्यानंतर तुमचा मार्ग उत्तमच आहे.

डीएसपी न घेता ट्वीटर आणि मध्याच्या वेळेतली तफावत कमी करायची तर ट्वीटर पेटीतून काढून वर ठेवा आणि मागे सरकवा, पडदा मधल्या ड्रायव्हरच्या पडद्याच्या रेषेत येईपर्यंत. समोर पेटीचा जो पृष्ठभाग राहतो त्यावर जाड नमदा पसरा, नाहीतर परावर्तनं त्रास देतात. दिसायला बरं दिसत नाही, पण जवारी उलगडते.

मोजताना एक लक्षात ठेवा. खोलीत परावर्तन पाच मिलिसेकंदांत पोचत असेल आणि तुम्ही खिडकी (मोजणीत धरलेला वेळेचा तुकडा) तिथेच कापली, तर २०० हर्ट्झच्या खालचा आलेख भरवशाचा नाही. तो बघून टॅप बदलू नका.

---

पश्चिम_वारा (रत्नागिरी)

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी. क्लिप्शच्या या जुन्या वूफरची कड कापडाची आहे, फोमची नाही, म्हणून दमट हवेत ती कुजून गळत नाही. फोमच्या कडा इथे काही वर्षांत हातात चुरा होऊन येतात. बिघडतं ते इतरत्र. क्रॉसओव्हरच्या स्क्रू-पट्ट्या हिरव्या पडतात. पावसाळा संपला की स्क्रू एकदा सैल करून परत आवळायचे, एवढ्याने संपर्क साफ होतो. आणि एमडीएफच्या नव्या पेटीच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. आत, दिसत नाही तिथेसुद्धा सीलर मारा. पहिल्याच जुलैत कड फुगते आणि झाकण बसेनासं होतं.

---

पडद्यामागे (सोलापूर)

बंद पडलेल्या एकपडदा थिएटरांतून निघणाऱ्या आल्टेक कंपनीच्या ए७ या थिएटरच्या स्पीकरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ए७ मध्ये दोन प्रकार आढळतात. ८११ कर्ण्याचा ८०० हर्ट्झला छेदणारा, आणि ५११ कर्ण्याचा ५०० ला, त्याला ए७-५०० म्हणतात. ५११ आकाराने मोठा. मारवाताईंनी वर विचारलंय त्या दृष्टीने बघितलं तर ८११ मध्ये सांधा बाईच्या तार षड्जाच्याही सप्तकभर वर जातो. मला आवाजासाठी तोच आवडतो, जरी सर्वसाधारण मत ५११ च्या बाजूने असलं तरी. हे कर्णेही टिचकी मारली की वाजतात, ब्यूटिल इथेही लागू.

कळकळीने एकच सांगतो. या ड्रायव्हरचं चुंबक अ‍ॅल्निको या मिश्रधातूचं असतं. पडदा बदलण्यासाठी मागचं झाकण उघडलं तर काही बिघडत नाही, पण चुंबकाचे तुकडे सुटे करू नका. अ‍ॅल्निकोची चुंबकीय वाट एकदा तुटली की त्याची ताकद उतरते आणि परत चुंबकित करून देणारी जागा सापडणं कठीण. थिएटरातून माल काढणारे लोक गंज साफ करायला ड्रायव्हर पूर्ण खोलतात. असा साफसूफ केलेला, नवा रंग दिलेला ड्रायव्हर स्वस्तात मिळाला तर आधी दोन्ही बाजू एका पातळीला वाजतात का ते मोजा, मग पैसे द्या.

---

कोपरा_हवा (ठाणे)

माझा प्रश्न क्लिप्शहॉर्नबद्दल आहे. फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात काटकोन आहे, दुसऱ्या बाजूला बाल्कनीचं दार. जोडी घेतली तर चालेल का?

---

खर्ज (ओहायो)

क्लिप्शहॉर्नच्या कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणजे तुमच्या भिंती. दाराच्या बाजूला तो भाग नसेल तर त्या चॅनेलचा खर्ज पातळ होईल आणि तबला एका बाजूला झुकेल. खोटा कोपरा करता येतो. दोन जाड फळ्या काटकोनात जोडून पेटीमागे घट्ट बसवायच्या, पेटीच्या बाजूंना फोमची पट्टी लावायची म्हणजे फट राहत नाही. फळ्या पेटीच्या कडेच्या पुढे जितक्या जातील तितकं चांगलं. पण मग दार उघडणार नाही. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये माझा कौल ला स्कालालाच. तिला कोपरा लागत नाही.

---

मारवा (पुणे)

सगळ्यांचे आभार. ज्यांच्याकडे मी ऐकायला जाते त्या काकांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी झाकणाची पट्टी बदलली, फरक मलाही कळला. त्यांचा एक प्रश्न आहे: एएमधले झेनर काढून टाकावेत का? कोणीतरी सांगितलं की त्याने आवाज खुलतो.

---

तापकीर_गल्ली (पुणे)

ताई, काकांचा अ‍ॅम्प किती वॉटचा आहे त्यावर आहे. झेनर ट्वीटरला जास्त व्होल्टेज जाऊ नये म्हणून बसवलेत. ३००बी व्हॉल्व्हचा सात-आठ वॉटचा अ‍ॅम्प असेल आणि घरात बसून ऐकत असतील तर झेनर जागे होण्याइतकं व्होल्टेज फारसं येत नाही, मग काढले काय नि ठेवले काय, कानाला सारखंच. शंभर वॉटचा अ‍ॅम्प असेल आणि मुलं पार्टीला लावत असतील तर राहू द्या. के-७७ या ट्वीटरचा पडदा एकदा गेला की तसाच दुसरा शोधण्यात महिने जातात. काढायचेच असतील तर कापू नका, एका बाजूचं टोक डिसोल्डर करून त्यावर नळी चढवून ठेवा.